रकाना सात: साठा किती दिवस पुरेल?

एक ओंडका शेगडीत किती वेळ टिकतो, असं मागच्या वर्षी कुणी विचारलं असतं तर मी हसलो असतो. यंदा कुणी विचारलं तर मी विषय बदलतो, आणि विचारणारे शेजारचे बॉयलरकाका असले तर उठून आत जातो. ते मात्र मुद्दाम दिवसातून एकदा तरी विचारतात.

आधी माझी ओळख सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच निघाला. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, चूक असले तर जप्त करायचे, हे काम मी सत्तावीस वर्षं करतो आहे. घरातली साखर डब्यात ओतण्यापूर्वी मी ती काट्यावर ठेवतो, हे खरं आहे. लग्नात नवरीच्या हारापेक्षा माझा हार वजनाने कमी भरला हे मी हिला त्याच दिवशी सांगितलं, हेही खरं आहे. ही म्हणते की तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

तर गेल्या थंडीत आई माझ्याकडे राहायला आली. ही साधी गोष्ट नाही. आई कायम दादाकडे असते. दादाचं घर मोठं, भिंतींतून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या. बटण दाबलं की दहा मिनिटांत घरभर ऊब. आमच्याकडे एक लोखंडी शेगडी आहे. पुढे काचेचं दार, खाली राखेचा खण, वर छतातून बाहेर गेलेलं धुराडं. तिच्यात लाकडं घालावी लागतात, आणि ती तोंडाशी बसून घालावी लागतात. त्यामुळे आई माझ्याकडे यायची ती चार दिवस, तेही उन्हाळ्यात. यंदा तिने आपणहून म्हटलं, "या खेपेला थंडी धाकट्याकडे काढते." मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण फोन ठेवल्यावर घरात दोन फेऱ्या मारल्या.

दादाने आईला सोडताना गाडीतून उतरण्यापूर्वीच अट घातली. "हे बघ, मागच्या वर्षी तिला छातीचं दुखणं झालं होतं. तिला थंडी सोसत नाही. तुझी लाकडं आहेत तोवर राहू दे. ज्या दिवशी लाकडं संपतील त्या दिवशी मी गाडी घेऊन येणार आणि तिला घेऊन जाणार. वाद नको."

"वाद कशाला? संपणारच नाहीत," मी म्हटलं.

"तू काय, मोजून जाळणार," दादा म्हणाला. हे तो टोमणा म्हणून बोलला. मी ती सूचना म्हणून घेतली.

दुसऱ्याच दिवशी वखारीत गेलो. वखारवाल्याचा काटा माझ्याच हद्दीतला, त्यावर शिक्का माझाच. तरी मी खिशातून प्रमाणित वजन काढून काटा पुन्हा तपासला. वखारवाल्याने कानावर खोचलेली पेन्सिल काढून परत खोचली.

"साहेब, त्या कोपऱ्यातली लाकडं घ्या," तो म्हणाला. "दोन वर्षं पडलीत. हलकी आहेत."

हलकी! वजनमापे खात्याच्या माणसाला कुणी आपणहून हलका माल घ्यायला सांगावा? माझ्या सत्तावीस वर्षांच्या अनुभवाने आतून घंटा वाजवली. म्हणजे नको असलेला माल हा माझ्या गळ्यात मारणार होता. मी त्याच्याकडे बघून असं हसलो की त्याला कळावं, मला कळलं आहे. मग मी दारापाशी नुकत्याच उतरवलेल्या ढिगाकडे गेलो आणि एकेक ओंडका हातात तोलून बघत, जड तेवढे वेगळे काढले. साल ताजी, कापलेली बाजू पिवळीधमक, हाताला थोडा चीक. काय वजन होतं एकेकाचं! दोन तास मी निवड करत होतो. सहाशे बारा ओंडके, एकूण दोन टन, हलका म्हणून एकही नाही.

"साहेब, ही यंदाची आहेत," वखारवाला म्हणाला.

"ताजा माल कधीही चांगला," मी म्हटलं. भाजी घेताना मी हेच करतो. त्याने पुन्हा पेन्सिल काढून खोचली.

आता लाकडं घरी आणायची तर नगरपालिकेचा परवाना लागतो. अर्ध्या टनापेक्षा जास्त जळण घरात साठवायचं असेल तर अर्ज क्रमांक अकरा. परवान्याची चिठ्ठी दाखवल्याशिवाय वखारीतून गाडी सुटत नाही. अर्जात नाव, पत्ता, धुराड्याची उंची वगैरे ठीक होतं. रकाना सात असा होता: 'साठा किती दिवस पुरेल?'

मी लिहिलं, 'अंदाजे हिवाळाभर.'

खिडकीमागच्या बाईंनी अर्ज परत सरकवला. "अंदाजे चालत नाही. आकडा लिहा."

"आकडा काय, लिहितो की. पण त्याचा उपयोग काय?"

"तेवढे दिवस नवीन परवाना मिळत नाही, सुटं जळणही नाही. नाहीतर लोक दर महिन्याला साठा करतात."

हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे मी कबूल करतो. पण माझं लक्ष 'आकडा' या शब्दावर अडकलं होतं. दुसरा कुणी असता तर त्याने तिथेच उभ्या उभ्या शंभर-बिंभर लिहून दिले असते. मी सरकारी माणूस, दुसऱ्या सरकारी खात्याला खोटा आकडा कसा देणार? मी म्हटलं, "प्रयोग करून लिहितो." बाई म्हणाल्या, "एक वाजता खिडकी बंद होते." प्रयोगाला रविवार लागणार होता. वखारवाल्याकडून त्या ढिगातले चार ओंडके पिशवीतून घरी आणले. अर्ध्या टनाच्या आतलं जळण असल्यामुळे हे कायद्यात बसत होतं.

प्रयोगाला प्रेक्षक जमले. ही कामात होती, पण आई शेगडीसमोर खुर्ची घेऊन बसली आणि शेजारचे बॉयलरकाका बोलावल्याशिवाय आले. काका एका कापडगिरणीत बॉयलरवर चाळीस वर्षं होते. शेवटी फोरमन होऊन निवृत्त झाले. आगीबद्दल त्यांना विचारावं लागत नाही, ते सांगतात. मी एक अख्खा ओंडका आणि दुसऱ्याच्या ढलप्या मिळून नेमकं चार किलो वजन केलं, कागद आणि वाळका पाला घालून काडी लावली आणि वेळ लिहून घेतली: आठ वाजून दहा मिनिटं.

लाकडं पेटायला पाऊण तास लागला. कापलेल्या बाजूंना फेस आला. आतून चुर्र चुर्र असा आवाज येत होता. काचेचं दार हळूहळू काळं झालं, त्यामुळे पुढचं आम्ही अंदाजाने बघितलं.

"हे जळत नाहीये, इन्स्पेक्टर," काका म्हणाले. "हे शिजतंय."

"हळू जळतंय," मी दुरुस्ती केली. "हळू जळणं हेच आपल्याला हवंय ना?"

"आत पाणी आहे हो. आधी पाणी उडणार, मग लाकूड. ऊब कुठाय?"

"आई, ऊब येते ना गं?"

आईने दोन स्वेटर आणि शाल पांघरली होती. ती म्हणाली, "येते की." मग थोड्या वेळाने म्हणाली, "जरा पुढे सरकू का?" ती इतकी पुढे सरकली की तिचे गुडघे शेगडीच्या दाराला लागले. तरी तिला चटका बसला नाही. ही गोष्ट मी सोयीची म्हणून वहीत लिहिली: 'शेगडी सुरक्षित.'

शेवटचा निखारा एक वाजून पंचवीस मिनिटांनी विझला. चार किलोला सव्वापाच तास! मी हिशेब केला. दिवसाचे चौदा तास शेगडी धरली तर दिवसाला साधारण पावणेअकरा किलो. दोन टनांना एकशे सत्त्याऐंशी दिवस. मी उदार मनाने वरचे सात सोडून दिले आणि रकाना सातमध्ये एकशे ऐंशी लिहिलं. थंडी आमच्याकडे फार तर एकशे तीस दिवस. दादाला त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं की लाकडं उरतील, तुला हवी असली तर सांग. तो म्हणाला, "मला काय करायचीत? माझ्याकडे बटण आहे."

पुढचे काही आठवडे मी घरात ताठ मानेने फिरलो. बाकीचे खोकत फिरले. शेगडी रोज सहाला पेटवायची, साडेसातला पेटायची. पडदे आधी पांढरे होते. हिने शाळेत निघताना साडी झटकली की काजळी उडायची. तिच्या वर्गातल्या मुलांनी तिला 'कोळशाच्या बाई' असं नाव ठेवलं आणि ते तिने घरी येऊन मला सांगितलं, एकदा नाही, रोज. धुराड्यातून इतका धूर जायचा की एका सकाळी समोरच्या दवाखान्यातल्या परिचारिकेने अग्निशमन दलाला फोन केला. बंब घंटा वाजवत आला. चार जवान शिडी, नळी, कुऱ्हाडी घेऊन घरात शिरले.

"आग कुठाय?" त्यांच्या प्रमुखाने विचारलं.

"शेगडीत," मी म्हटलं.

त्याने शेगडीचं दार उघडून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. "नाही हो," तो म्हणाला. "इथेही नाही."

हे वाक्य दुपारपर्यंत गल्लीभर झालं. कुणी काही विचारलं नाही, पण जो तो सल्ला घेऊन येऊ लागला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी धुराडं फुटभर उंच करायला सांगितलं. न्हाव्याने फुटभर कमी करायला सांगितलं. पोस्टमन म्हणाला की त्याच्या सासऱ्यांनी असल्या शेगडीत मीठ टाकलं होतं. पुढे काय झालं ते त्याला माहीत नव्हतं, कारण सासरे आणि तो बोलत नाहीत. काकांचा सल्ला मात्र रोज एकच: "लाकडं अंगणातून उचला. मागच्या व्हरांड्यात, शेगडीच्या भिंतीला लागून, मधे फटी ठेवून रचा. वारा खेळू द्या." शेवटी ही चिडली आणि एका सुट्टीच्या दिवशी तिने आणि काकूंनी मिळून सगळी लाकडं व्हरांड्यात रचली. मी त्या वेळी खांदा धरल्यामुळे देखरेख केली.

महिनाभरात चमत्कार झाला. शेगडी काडी लावताच भडकू लागली. काच स्वच्छ राहू लागली. आईने आधी शाल काढली, मग वरचा स्वेटर, आणि एके दिवशी चक्क म्हणाली, "खिडकी उघड रे जरा." घर उबदार झालं, सगळे खूष झाले आणि माझी झोप उडाली. कारण चार किलो लाकूड आता दोन तासांत राख होत होतं.

एकोणपन्नासाव्या दिवशी मी सगळा साठा मोजायला घेतला. घरचा काटा व्हरांड्यात लावला आणि चाळीस-चाळीस किलोंच्या खेपा करत रविवार घालवला. ओंडके उरले होते चारशे बावन्न. जाळले होते एकशे साठ. बेरीज सहाशे बारा, बरोबर. पण माझ्या हिशेबाने जे वजन उरायला हवं होतं, त्यापेक्षा तीनशे सदुसष्ट किलो कमी भरलं.

ओंडके तेवढेच आणि वजन कमी! मी काट्याशेजारी बसून विचार केला. चोर ओंडका नेतो हे समजू शकतं. पण हा चोर जड ओंडका नेऊन त्या जागी हलका ठेवत होता. म्हणजे चोर हुशार होता, शेजारचा होता, लाकडातलं कळणारा होता आणि त्याच्याकडे हलक्या लाकडांचा साठा होता. मी मान वळवून कुंपणापलीकडे बघितलं. बॉयलरकाकांच्या धुराड्यातून पातळ, निळसर, अगदी समाधानी धूर निघत होता.

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" ही म्हणाली. "त्र्याहत्तर वर्षांचा माणूस येऊन तुमचे ओंडके बदलून जाईल?"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"घेऊही नका."

मी नाव घेतलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी काकांना विचारलं, "काका, तुमची लाकडं सध्या जड वाटतायत का?" काकांनी माझ्याकडे बघितलं. बॉयलरवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला वाफ कुठून निघते आहे ते बरोबर कळतं. त्यांनी हातातली कुऱ्हाड खाली ठेवली, "बरं," एवढंच म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. काकूंचं आणि हिचं चालू होतं, पण ते माझ्याविषयी असल्यामुळे मला त्यात घेत नसत.

काकांवर आरोप सिद्ध होईना, म्हणून मी वखारीकडे वळलो. वजन मुळातच कमी दिलं असणार! मी रीतसर तक्रार लिहिली, तीन प्रतींत, आणि तक्रार ज्या खात्याकडे करायची त्या खात्याकडे केली. ते माझंच खातं होतं. साहेबांनी वाचली, नियमानुसार शेरा मारला, 'संबंधित हद्दीच्या निरीक्षकांनी चौकशी करून अहवाल द्यावा,' आणि कागद शिपायाने माझ्याच टेबलावर आणून ठेवला.

मी साहेबांकडे गेलो. "साहेब, तक्रारदार मी आहे. निरीक्षकही मीच आहे."

"मग तक्रारदाराचा पत्ता शोधावा लागणार नाही," साहेब म्हणाले. "शिवाय त्या काट्यावर शिक्काही तुमचाच आहे. जपून चौकशी करा."

मी वखारीत गेलो. तक्रारदार म्हणून मला राग आला होता, निरीक्षक म्हणून निःपक्षपाती राहायचं होतं, आणि शिक्का मारणारा म्हणून मी आधी शिक्का जागेवर आहे का ते बघितलं. वखारवाल्याने तक्रार वाचली. पेन्सिल काढून खोचली. मग त्याने दारातला एक नवा ओंडका आणि कोपऱ्यातला एक जुना, दोन्ही एकाच मापाचे, काट्यावर शेजारी शेजारी ठेवले. नवा जवळपास दुप्पट भरला.

"साहेब, झाड एकच, कापलं एकाच करवतीनं. फरक पाण्याचा. तुमच्या लाकडांतलं पाणी उडून गेलं, दुसरं काही गेलं नाही. मी म्हटलं होतं, हलकी घ्या."

"मग काटा..."

"काटा बरोबर आहे. पाणी कुठलं आणि लाकूड कुठलं, हे काटा नाही सांगत. तेवढं माणसाला बघावं लागतं."

सत्तावीस वर्षांत काट्याबद्दल असं मला कुणी ऐकवलं नव्हतं, आणि ऐकवणाऱ्याचं चुकलं असंही म्हणता येईना. मी तिथेच फळ्यांच्या ढिगावर बसून अहवाल लिहिला: 'तक्रारीत तथ्य नाही. तक्रारदाराने पुरेशी माहिती न घेता तक्रार केलेली दिसते. त्यास लेखी समज देण्यात यावी.' साहेबांनी सही केली. तीन दिवसांनी समजेचं पत्र पोस्टाने घरी आलं. पोस्टमनने पोच घेताना विचारलं, "कोर्टाचं काय?" पत्र आईने उघडून वाचलं आणि मला विचारलं, "अरे, हे तुला कोणी लिहिलंय? फार कडक लिहिलंय." मी म्हटलं, मीच.

आता नवीन लाकडं आणणं हा एकच उपाय होता. खिडकीमागच्या बाईंनी माझा जुना अर्ज काढला आणि रकाना सातवर बोट ठेवलं. "एकशे ऐंशी दिवस. अजून एकशे बावीस बाकी आहेत."

"पण बाई, तो आकडा चुकलाय."

"आकडा तुमचा आहे. खाली लिहिलंय बघा, 'प्रत्यक्ष प्रयोगाअंती.'" ते मीच लिहिलं होतं, आणि खाली रेघही मारली होती.

तेव्हा उरले होते चारशे वीस ओंडके आणि थंडीचे बहात्तर दिवस. मी शिधा ठरवला. सुकलेली लाकडं भराभर जळत होती आणि खरा कडाका पुढेच होता, म्हणून रोज सहा ओंडके. आम्ही दोघं नऊला कामावर जातो, पाचला येतो. त्या वेळात आईने तीन जाळायचे, संध्याकाळी सगळ्यांत मिळून तीन. तरी दोन दिवसांची तूट येत होती. आईला मी सगळं समजावून सांगितलं, कुठला ओंडका कधी घालायचा, धुराड्याची झडप किती उघडी ठेवायची. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि संपली तर तो येणारच का?"

"दादा? येणार. त्याने सांगितलंय."

"हं," आई म्हणाली.

दर रविवारी दादाचा फोन यायचा. "किती राहिलीत?" मी सांगायचो, "आहेत." त्याला हवा होता आकडा, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला आकडा देत नव्हतो. त्याचं चूक नव्हतं. मागच्या वर्षी आईला रुग्णालयात नेलं तेव्हा रात्रंदिवस तोच तिथे बसला होता. पण मलाही वाटत होतं की एकदा, फक्त एकदा, तिची एक अख्खी थंडी माझ्या घरात जावी. सकाळी ती चहाच्या कपावर हात शेकत बसते, ते मला रोज बघायचं होतं. हे मी कुणाला बोललो नव्हतो. लाकडं मोजताना ते बोलावं लागत नाही.

पहिल्या रविवारी तीनशे अठ्ठ्याहत्तर ओंडके उरायला हवे होते. तीनशे शहाण्णव भरले. माझं मोजण्यात चुकलं असेल, असं मला वाटलं. यावरून माझी मनःस्थिती लक्षात यावी. दुसऱ्या रविवारी हवे होते तीनशे छत्तीस. भरले तीनशे बहात्तर.

नोकरीत मी शिल्लक बघून कधी घाबरलो नव्हतो. त्या दिवशी घाबरलो. छत्तीस ओंडके, बारा कामाचे दिवस, रोजचे तीन. म्हणजे आई दिवसभर शेगडी पेटवतच नव्हती. लाकडं पुरावीत म्हणून ती आठ तास गारठ्यात बसत होती, आणि हे तिला मी, माझ्या शिध्याने शिकवलं होतं. दादाने विश्वासाने सोडलेली आई!

सोमवारी मी साहेबांना सांगून बाराला घरी आलो. दार उघडलं. घर गार पडलं होतं. शेगडीला हात लावला, ती बर्फासारखी. "आई!" उत्तर नाही. तिची पिशवी जागेवर होती, चष्म्याचं घर होतं, शाल नव्हती. स्वयंपाकघर, मागचा व्हरांडा, संडास, सगळं बघितलं. शेवटी मान खाली घालून, तीन आठवड्यांनी, मी कुंपण ओलांडून काकांचं दार वाजवलं.

"उघडंच आहे," काका आतून म्हणाले.

शेगडी मजेत पेटली होती. तिच्यासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीत काकू, दुसरीत आई, पायांखाली पाट, मांडीवर मटाराच्या शेंगांचं ताट. आईच्या अंगावर एकच स्वेटर होता आणि गाल लाल झाले होते. मला बघून ती चपापली नाही. फक्त म्हणाली, "आज लवकर कसा?"

"आई, तू इथे?"

"तू नऊला जातोस, मी सव्वानऊला येते. तू पाचला यायच्या आधी जाते."

"पण का?"

"अरे, का म्हणजे?" आईने एक शेंग सोलली. "लाकडं संपली की तो गाडी घेऊन येणार. तूच सांगितलंस. मला नाही जायचं इतक्यात. तिकडे सगळं चांगलं आहे, थोरलाही चांगला आहे. पण तिकडे सगळ्यांना आपापली खोली गरम आहे. संध्याकाळी कोणी एकत्र बसतच नाही. तुझ्याकडे एकच शेगडी, म्हणून सगळे तिच्याभोवती बसता. तू वही घेऊन बसतोस का होईना, पण बसतोस."

मी उभाच होतो. डोळे भरून आले ते काकांच्या धुराने असं म्हणायला जागा नव्हती, कारण काकांच्या शेगडीला धूर येत नाही. ज्या माणसावर मी ओंडके बदलल्याचा संशय घेतला, त्याच्या लाकडांवर माझी आई पंधरा दिवस ऊब घेत होती.

"काका," मी म्हटलं, "माझं चुकलं. तुमची जेवढी लाकडं लागली तेवढी मी..."

"इन्स्पेक्टर," काका शेगडीत एक ओंडका सरकवत म्हणाले, "वजनाचं नाव काढलंत तर बाहेर काढीन. बसा." मग दार लावून घेत म्हणाले, "दोन घरं, पाच माणसं, दोन शेगड्या दिवसभर कशाला पेटवायच्या? दिवसा ही. पाचला तुम्ही आलात की आम्ही तुमच्याकडे. बॉयलरला असंच चालतं. एक तापलेला, दुसरा तयारीत."

तसं ठरलं. संध्याकाळी पाच खुर्च्या आमच्या शेगडीभोवती लागू लागल्या. काका झडप स्वतः लावत, मला हात लावू देत नसत. वही मी कपाटात ठेवली. आई सांगेल तेव्हा ओंडका घालायचा, एवढाच नियम उरला.

थंडी संपली. पंखे पुसून झाले. एका रविवारी दादा न कळवता गाडी घेऊन आला. "चल आई. आता उन्हाळाच आला. धाकट्याने काढली बाबा थंडी, मानलं."

आई खुर्चीतून उठली नाही. "आपलं ठरलं काय होतं?"

"काय ठरलं होतं?"

"लाकडं संपतील त्या दिवशी तू न्यायला येणार. संपली का रे?" हे तिने मला विचारलं.

मी व्हरांड्यात जाऊन बघून आलो. भिंतीला एक छोटी रांग होती. "अकरा ओंडके आहेत," मी म्हटलं.

"मग?" आई दादाला म्हणाली.

दादाने माझ्याकडे बघितलं. मी निरीक्षकाच्या चेहऱ्याने उभा राहिलो. दादा चहा पिऊन, जेवून, दुपारी झोपून गेला. आता दर रविवारी तो स्वतःच येतो, संध्याकाळपर्यंत बसतो आणि जाताना एकदा मागच्या व्हरांड्यात डोकावतो.

परवा काकांनी त्यातला एक ओंडका कुऱ्हाडीच्या ठोकळ्यासाठी मागितला. मी नाही म्हटलं. आई आठ दिवसांनी त्यांच्यावरची धूळ झटकते आणि पुन्हा रचून ठेवते. घाम येतो इतका उकाडा आहे, आणि ते अकरा ओंडके अजून पुरतायत.